पोळ्याच्या दिवशी बदललेली कॉइल

माझ्या नवऱ्याने बैलजोडी विकून गाडी आणली ती मी सासरी आले त्याच साली, त्यामुळे गावाच्या लेखी ती गाडी माझ्याच पायगुणाने आली. विहिरीवर बाया विचारायच्या, "काय वं, तुह्या बापानं आंदनात देल्ली का थे?" मी मुकाट्याने घागर भरायची. आंदणात मला भांडी आणि एक लोखंडी पेटी मिळाली होती. गाडी ही निव्वळ नवऱ्याच्या डोक्यातली खाज होती, पण नव्या सुनेने हे विहिरीवर कसं सांगावं?

लढाईच्या दिवसांत तो मिलिटरीत गाड्या चालवायला होता. परत येऊन वावर करायला लागला, पण औतामागे चालताना त्याचं लक्ष कायम रस्त्याकडे. पुढे लढाईतल्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक त्याने उचलली. पुढे दोघांपुरती बसायची जागा, मागे उघडा हौदा, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले आणि एक दार सुतळीने बांधलेलं. लोकांचा कापूस कारंज्याच्या जिनात पोचवायचा, मंगरूळपीरच्या बाजारातून ढेप-सरकी आणायची, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता, मी आजही म्हणते. पण त्याने विकली ती जोडी साधी नव्हती.

आमच्या घराकडे पोळ्याचा पहिला मान होता. पोळ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावातल्या सगळ्या सजवलेल्या जोड्या त्याखाली येऊन उभ्या राहतात, आणि सगळ्यांच्या पुढे आमची. आमची जोडी आली नाही तर तोरण तुटत नाही, पोळा फुटत नाही. सासऱ्यांच्या आज्यापासून हे असंच चाललेलं. आणि मानाचं एक असतं. एका साली तुमची जागा रिकामी राहिली की मागचा पुढे सरकतो, आणि एकदा सरकला की तो काही मागे जात नाही.

आमच्या मागे ज्यांची जोडी उभी राहायची ते म्हातारे आमच्याच आळीत राहायचे. सासऱ्यांच्या वयाचे, डोक्याला कायम पांढरं फडकं. गाव त्यांना दुसऱ्या मानाचे म्हणूनच ओळखायचं. जोडी विकल्यापासून माझी सासू त्यांच्या दारावरून जाणं टाळायची.

सासरे मात्र लेकाला एका शब्दाने बोलले नाहीत. मंगरूळच्या बाजारात जोडी न्यायची होती तेव्हा कासरा त्यांनीच धरला. घेणाऱ्याच्या हातात तो दिला, घरी आले, आणि जू भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवलं. गाडीला छपराखाली दुसरी जागा नव्हती म्हणून ती गोठ्यात, त्या बैलांच्याच ठाणावर उभी राहू लागली. जमिनीतले खुंटे त्यांनी उपटू दिले नाहीत, त्यामुळे गाडी आत घेताना नवऱ्याला रोज कसरत. ते स्वतः गाडीत कधी बसले नाहीत. बाजाराला पायी जायचे. नवरा रस्त्यात गाडी थांबवायचा, आणि हे हाताने खुणावायचे, जा पुढे.

पोळा जवळ आला तसा देवळाच्या पारावर विषय निघाला की यंदा पुढे काय उभं राहणार. कोणी म्हणालं, जोडी उसनी घ्या. सासरे म्हणाले, "उसन्या बैलावर मान नाही घेत मी. जोडी इकून जे आलं थेच येईन तोरनाखाली."

मग दुसऱ्या मानाचे म्हातारेच बोलले, "बैलाच्या ठानावर बांधलं थे बैलच. येऊ द्या."

नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा त्याचं तोंड आनंदाने फुललेलं. मी मात्र त्या गाडीला आतून ओळखत होते. ती मनात येईल तेव्हा सुरू व्हायची, आणि मनात न येण्याचेच दिवस जास्त. नाल्याकाठच्या आमच्या वावरात ती बंद पडली की नवरा मला वर बसवायचा, स्टेरिंग हातात द्यायचा आणि मागून स्वतः ढकलायचा. असं करता करता स्टेरिंग धरणं आणि ब्रेक दाबणं एवढं मला येऊ लागलं होतं. हे आम्ही दोघांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर न ढळू देणारी सून गाडीच्या स्टेरिंगवर बसते, हे कळलं असतं तर गावाने मला सुपात घेऊन पाखडलं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलून निघतो. तो कोमट पाण्याने धुवायचा, तूप आणि हळद लावून पळसाच्या पानाने शेकायचा, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या दिवशी नवरा झेंड्याचे कागद आणि बेगड आणायला बसने मंगरूळला गेला होता. उन्हं कलताना सासरे ओसरीवरून सासूला म्हणाले, "पानी तपव. अन् वाटीत हयद-तूप दे."

सासू माझ्याकडे पाहू लागली. गोठ्यात एक गाय सोडली तर जनावर नव्हतं, आणि गायीला कोणी जुंपत नाही. पण विचारायची छाती तिचीही नव्हती. मी पाण्याची बादली नेऊन गोठ्याच्या दाराशी ठेवली आणि रिवाजाप्रमाणे बाजूला सरून उभी राहिले.

सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बैलाचा खांदा त्यांना अंधारातही सापडला असता, पण गाडीचा खांदा कुठे शोधायचा? त्यांनी टायरावर हात ठेवला, मग काढून घेतला. शेवटी लेक उचलायचा तसं त्यांनी पुढचं झाकण उचललं, वाकले, आणि लोट्याने हळूहळू पाणी घालायला लागले. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि सावकाश फिरणारा कोपर. बैलाला चोळताना ते तोंडाने एक आवाज काढायचे असं सासू सांगायची. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

चोळून झाल्यावर ते झाकणाच्या कडेशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

मी तिथून पळाले, कारण माझे डोळे भरून आले होते. इतके दिवस ती गाडी आमच्या घरात नको असलेल्या पाहुण्यासारखी होती, मी होते तशीच. त्यांनी तिला आवतण दिलं, आणि मला वाटलं, चला, आता सगळं सुरळीत होईल. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दारात जत्रा. नवऱ्याने गाडी गोठ्यातून ढकलूनच अंगणात आणली, म्हणाला, धुतल्यावर एकदमच सुरू करू. चाकांच्या वरच्या पत्र्याला गेरू लावला, पुढच्या दिव्यांना बेगड चिकटवली, झाकणावर विकलेल्या जोडीची झूल टाकली आणि आरशाला घुंगरमाळ बांधली. सासूने कपाळ कुठलं ते न कळून मधोमध बाशिंग बांधलं. आतून पुरणाचा वास येत होता. सासऱ्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि ते उपाशी होते. पोळ्याला बैल जेवल्याशिवाय ते जेवत नसत.

ऊन कलल्यावर देवळाकडून डफडं वाजायला लागलं. वाजवणारे आमच्या दारापर्यंत आले, कारण पहिली जोडी वाजतगाजत न्यायची असते. नवऱ्याने गाडीच्या पुढून लोखंडी हँडल खुपसलं आणि फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. इंजिन साधं खोकलंसुद्धा नाही. डफडंवाले ताल धरून उभे, मागे गावची माणसं, ओसरीवर आम्ही बाया. त्याचा सदरा पाठीला चिकटला.

मग त्याने झूल मागे सारली आणि झाकण उचललं. आतून हळदीचा आणि तुपाचा वास आला. इंजिनाच्या बाजूला कॉइल असते, काळं, मुठीत मावेल एवढं नळकांडं. ठिणगीला लागणारा करंट त्यातून येतो, म्हणून ते गेलं तर गाडी मेली, असं नवऱ्यानेच कधीतरी बापाला सांगितलेलं. ते नळकांडं, त्याच्या तारा, शेजारची तारांची टोपी, सगळं पिवळं झालं होतं. तूप रात्रीतून थिजलं होतं.

"हे कोनं केलं?" नवऱ्याने विचारलं.

"म्या," सासरे म्हणाले. "काल खांदशेकनी केली."

नवऱ्याचा राग मला माहीत होता. तो वाईट माणूस नव्हता, पण रागात त्याला पुढचं-मागचं दिसायचं नाही. तो सरळ उभा राहिला आणि साऱ्या गावासमोर बापाला म्हणाला, "बैलासंग अक्कलबी इकली काय तुमी? इंजनले तूप लावते काय कोनी? दोन घंट्याचा मान होता, थोबी घालवला."

डफडं आपोआप थांबलं. सासरे आपल्या हाताकडे पाहत राहिले. नखांत कालची हळद तशीच होती.

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, तसं मला झालं. लाज नवऱ्याची वाटावी की सासऱ्यांसाठी वाटावी, हेच कळेना. चारचौघांत माणसाला उघडं केल्यावर बघणाऱ्यालाच नजर कुठे ठेवावी हे समजत नाही. सासूने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "पेटीतली कॉइल आन."

अकोल्याहून त्याने एक जास्तीची कॉइल आणून ठेवली होती. घरात ओल न लागणारी जागा म्हणून ती माझ्या लग्नाच्या पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. माझ्या शालूला तिच्या तेलाचा वास लागला होता त्यावरून आमचं एक भांडणही झालं होतं. मी ती घेऊन गेले आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात दिली.

त्याने आधी बॅटरीची तार सोडवली. जुन्या कॉइलच्या डोक्यात मधोमध खोचलेली जाड तार उपटली, दोन्ही बाजूंच्या बारीक तारांचे नट पान्याने काढले, आणि कॉइलला आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे बोल्ट सैल केले. तुपाने पाना सटकत होता. एकदा त्याची बोटं पत्र्यावर आपटून रक्त आलं, ते त्याने सदऱ्याला पुसलं. नवी कॉइल पट्ट्यात बसवली, तारा होत्या त्याच बाजूला लावल्या, जाड तार मधे खोचली, बॅटरीची तार परत जोडली. तारांची टोपी वरून फडक्याने पुसली. मग एकाला हँडल फिरवायला लावून त्याने जाड तारेचं टोपीकडचं टोक काढून लोखंडाजवळ धरलं. चांगली कॉइल असली की तिथे निळी ठिणगी उडते. आम्ही सगळे त्या टोकाकडे बघत होतो, वाजवणारेसुद्धा. ठिणगी उडाली नाही.

खरं तर जुन्या कॉइलला काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती टोपी उघडली तेव्हा कळलं. सासऱ्यांनी टोपीच्या कड्या दाबून ती उघडली होती, आत घासून घासून चकचकीत झालेली एक जागा त्यांना दिसली होती, आणि बैलाचा खांदा सोलतो तशी ही सोलली आहे असं समजून त्यांनी तिथेच सगळ्यांत जास्त तूप भरलं होतं. मग टोपी होती तशी बसवून ठेवली. पेट्रोलच्या फडक्याने ते पुसलं, जुनी कॉइल परत लावली आणि गाडी तिच्यावरच सुरू झाली. पण हे दुसऱ्या दिवशीचं शहाणपण. पोळ्याच्या त्या संध्याकाळी नवरा कॉइल काढत होता, लावत होता, आणि सूर्य खाली चालला होता.

देवळाकडून एक माणूस निरोप घेऊन आला. दुसऱ्या मानाच्या म्हाताऱ्यांनी सांगून पाठवलं होतं, "घाई करू नका. आमी थांबतो."

त्यांनी घाई केली असती, टोमणा मारला असता, तरी परवडलं असतं. भांडता आलं असतं. पण सारा गाव आपापल्या जोड्या धरून उभा आहे, आणि ज्याला आपली जागा मिळायची तोच आपल्यासाठी थांबला आहे, याच्यापुढे माणसाने काय करावं? दिवस मावळला की तोरण तोडावंच लागतं. मग पुढे जो असेल तो पहिला.

नवऱ्याने पाना खाली टाकला आणि गाडीच्या पायरीवर बसला. "होत नाही," तो म्हणाला. "कोनाची तरी जोडी आना. वढत नेऊ."

"पोयाच्या दिवशी बैलाले जुपत नाहीत," सासरे म्हणाले.

शिव्या खाल्ल्यानंतर ते पहिल्यांदा बोलले. आवाज चढलेला नव्हता. ते गोठ्यात गेले, आणि भिंतीवरचं जू काढून आणलं. चऱ्हाट गाडीच्या पुढच्या कड्याला बांधलं, दुसरं टोक जुवाच्या मधे आवळलं. एका बाजूला स्वतः उभे राहिले आणि जू उचलून खांद्यावर घेतलं.

कोणी तरी म्हणालं, "अहो, हे काय करून राह्यले तुमी?"

"आज बैलाची सुटी हाय. मानसाची नाही."

जू दोघांसाठी असतं. एकाच खांद्यावर घेतलं तर दुसरं टोक जमिनीला टेकतं. ते तसं टेकलं. सासऱ्यांनी लेकाला हाक मारली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही, फक्त वाकून उभे राहिले. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. माझा नवरा पायरीवरून उठला, बापाच्या बाजूला गेला, आणि ते दुसरं टोक उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. दोघांनीही एकमेकांकडे मान वळवली नाही.

आता स्टेरिंग धरायला कोणी उरलं नाही. गावात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. नवऱ्याची नजर ओसरीवर आली आणि तशीच माघारी गेली.

सासरे जुवाखालूनच म्हणाले, "सूनबाई, बस वरत. तुले येते. नाल्याच्या वावरात पाह्यलं हाय म्या."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते आजवर पोटात ठेवलं होतं. मी खाली उतरले. बायांच्या नजरा पाठीला टोचत होत्या. सुतळी सोडली, दार उघडलं, आणि वर चढून बसले.

मी आयुष्यात पुष्कळ लाज सोसली आहे. पण त्या गाडीत बसून देवळापर्यंत गेले तसली लाज दुसरी नाही. सासरे समोरून आले तर उठून उभं राहायचं, त्यांच्यापुढे बाजेवर बसायचं नाही, आवाज चढवायचा नाही, असं मला वळण. आणि मी उंच गादीवर बसलेली, समोर बाशिंग आणि झूल, त्याच्या पलीकडे जुवात वाकलेले माझे सासरे आणि माझा नवरा. श्रावणाच्या अवसेचा चिखल. सासऱ्यांचे पाय घसरायचे, परत रोवायचे. धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं. पदर सरकत होता आणि तो ओढायला मला हात मोकळा नव्हता. आळीच्या उतारावर गाडी आपोआप पळायला लागली आणि त्यांच्या टाचांवर जायला लागली, तेव्हा मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. ती थांबली तेव्हा सासऱ्यांच्या पिंढऱ्या आणि गाडीच्या लोखंडात वीतभर अंतर होतं.

दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी मनातल्या मनात त्यांना शिव्या तरी दिल्या असत्या. पुष्कळांनी तोंडं फिरवली. डफडंवाले मागून येत होते, पण वाजवावं की नाही हे त्यांना समजत नव्हतं.

देवळाच्या अलीकडे सखल जागा आहे, तिथे गाडी रुतली. दोघांनी जोर लावला, जू करकरलं, चाक जागचं हललं नाही. जुवाखाली आल्यापासून नवऱ्याच्या तोंडातून पहिल्यांदा शब्द निघाला. "बाबा, सोडा आता."

"वढ," सासरे म्हणाले.

तेव्हा दुसऱ्या मानाच्या म्हाताऱ्यांनी आपल्या जोडीचा कासरा नातवाच्या हाती दिला, डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं, आणि चिखलात उतरून गाडीच्या मागच्या फळीला खांदा दिला. त्यांच्यामागून आणखी आले. मला आरशात माणसंच माणसं दिसायला लागली. गाडी हलली. डफडं एकदम वाजायला लागलं, आणि आम्ही तोरणाखाली जाऊन उभे राहिलो. उजेड अजून होता. सगळ्या जोड्या मागे लागल्या, तोरण तुटलं, आणि पोळा फुटला.

दुसऱ्या मानाचे म्हातारे चिखलाचे हात पुसत सासऱ्यांपाशी आले. म्हणाले, "पुढच्या सालीबी तुमीच पुढं. पन बैल आना बापा. माह्या कमरेत दम नाही आता." सासऱ्यांनी मान हलवली. मान राहिला. मी मात्र स्टेरिंगवरून हात काढू शकत नव्हते. बोटं तशीच आखडून बसली होती.

गाडी घरी ढकलत आणली गावच्या पोरांनी. पोळ्याहून परतलेल्या जोडीचे दारात पाय धुवायचे, कुंकू लावून ओवाळायचं आणि पुरणपोळी खाऊ घालायची, हा मान घरच्या सुनेचा. सासूने ताट माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाली. मी ताट घेऊन उभी. समोर गाडी, आणि गाडीपुढे ते दोघं. पाय कोणाचे धुवायचे? मी तांब्या घेऊन सासऱ्यांच्या पायांशी वाकले.

त्यांनी पाय मागे घेतले. "मले नाही, सूनबाई. तिले. आवतन म्या तिले देल्लं हाय. सांगून सवरून पाहुनीले उपाशी ठेवते काय कोनी?"

मग मी गाडीच्या पुढच्या चाकांवर पाणी घातलं, बाशिंगाच्या खाली कुंकू लावलं आणि ओवाळलं. पुरणपोळी झाकणावर ठेवली. वात विझली, ती परत लावली.

सासरे ओसरीवर बसले आणि त्यांनी बंडी काढली, तेव्हा खांदा दिसला. उजवीकडचं कातडं जुवाने सोलून निघालं होतं, बंडीचा धागा त्यात चिकटला होता. सासूने तो ओढून काढला. नवरा अंगणात उभा राहून हे बघत होता. मग तो चुलीपाशी आला, माझ्याकडे न बघता पातेल्यातलं कोमट पाणी घेतलं, कालची हळद-तुपाची वाटी फळीवर होती ती घेतली, आणि पळसाचं पान घेऊन ओसरीवर गेला.

बापाच्या मागे बसून त्याने खांदा धुतला. तूप लावलं आणि पानाने शेकायला लागला. माफ करा म्हणणं आमच्या पुरुषांच्या जिभेला जमत नाही, त्यालाही जमलं नाही. बराच वेळ शेकल्यावर तो खाली मान घालून पुटपुटला, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

"उद्या काहून?" सासरे म्हणाले. "सकायपासून उपाशी हाय मी. वाढाले सांग."

मी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात पुढे केला, पण तो खांद्यातून उचलला जाईना, ताटापर्यंत येऊन मांडीवर पडला. त्यांनी परत केला, परत पडला. नवऱ्याने पोळी मोडली, तुपात बुडवली आणि त्यांच्या तोंडापुढे धरली, पोळ्याला बैलापुढे धरतात तशी. सासऱ्यांनी तोंड उघडलं.

मी ओसरीवर जळत असलेली चिमणी उचलली आणि आत निघून गेले. मी तिथे उभी राहिले असते तर त्या दोघांना लाज वाटली असती.